पोटमाळ्यावरचा अँटेना, घरातील जुनी केबल आणि रोज संध्याकाळी जाणारी तीन चॅनेल

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत, एडिसनमध्ये, १९८०च्या दशकात बांधलेल्या आमच्या दुमजली घराच्या ॲटिकमध्ये, म्हणजे उतरत्या छताखालच्या पोटमाळ्यावर, मी दोन वर्षांपूर्वी टीव्हीचा अँटेना बसवला. केबल टीव्हीची वर्गणी बंद केली होती आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीतून कोॲक्स केबल, म्हणजे मधली तार आणि बाहेरचे कवच असलेली टीव्हीची गोल केबल, आधीच खेळवलेली होती. तीच केबल वापरून अँटेनाचा सिग्नल चार टीव्हींपर्यंत न्यावा, एवढाच विचार होता. पहिल्या रविवारी सकाळी सगळी चॅनेल उत्तम दिसली. त्याच संध्याकाळी ७, ११ आणि १३ या तीन चॅनेलवर चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, आवाज तुटू लागला आणि थोड्याच वेळात पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढी एकच ओळ उरली. २, ४ आणि ५ मात्र स्वच्छ चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही चॅनेल आपोआप परत आली आणि अंधार पडल्यावर पुन्हा गेली. हा क्रम जवळजवळ तीन आठवडे चालला.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच मराठी कुटुंबांच्या घरी याच प्रकारची तक्रार सोडवण्यासाठी जाण्याचा प्रसंग आला. प्रत्येक ठिकाणी आधी अँटेनाला दोष दिला गेला होता, आणि दोन ठिकाणी तर पहिला परत करून दुसरा, अधिक महाग अँटेना आणला गेला होता. दोष मात्र बहुतेक वेळा अँटेनाच्या खाली, भिंतीत किंवा बेसमेंटमध्ये होता. म्हणून हा सगळा शोध ज्या क्रमाने घ्यायला हवा त्या क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण ती न कळल्यामुळे मी स्वतः पहिला आठवडा वाया घालवला. टीव्हीवर दिसणारा चॅनेलचा क्रमांक आणि प्रत्यक्षात ज्या वारंवारतेवर ते चॅनेल प्रसारित होते तो क्रमांक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रसारण बंद झाले, आणि त्यानंतर मोबाइल कंपन्यांना वारंवारता मोकळी करून देण्यासाठी २०२०पर्यंत असंख्य केंद्रांच्या जागा पुन्हा बदलल्या. लोकांच्या सवयीचे जुने क्रमांक मात्र पडद्यावर तसेच ठेवले गेले. न्यूयॉर्कचे ‘चॅनेल २’ आता प्रत्यक्षात ३६व्या जागेवर, म्हणजे यूएचएफ या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यात आहे. ‘चॅनेल ४’ ३५व्या आणि ‘चॅनेल ५’ २७व्या जागेवर आहे. याउलट ७ आणि ११ ही चॅनेल खरोखरच ७ आणि ११व्या जागेवर आहेत, आणि १३ हे १२व्या. ही तिन्ही व्हीएचएफ या कमी वारंवारतेच्या पट्ट्याच्या वरच्या भागात, १७४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये, येतात. आमच्या घरी जाणारी चॅनेल नेमकी हीच तीन होती. म्हणजे बिघाड ‘काही चॅनेलचा’ नव्हता, तो एका संपूर्ण पट्ट्याचा होता. आपल्या गावातील केंद्रांच्या खऱ्या जागा शोधून त्या कागदावर लिहून ठेवाव्यात. कोणती जातात आणि कोणती राहतात, हे त्या कागदाशी ताडून पाहिले की अर्धा शोध तिथेच संपतो.

दुसरा कागद वेळेचा ठेवावा. ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, सावल्या पडत, आणि बिघाड वाढत चालल्याचे डोळ्यांना दिसे. पुण्यात सिंहगडाच्या दिशेने गच्चीवरचा अँटेना फिरवत ‘आलं का?’ असे खाली ओरडून विचारणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. डिजिटल प्रसारणात ती मधली अवस्था जवळजवळ नाही. गोंगाटाच्या, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको असलेल्या लहरींच्या, तुलनेत सिग्नल साधारण १५ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या ताकदीतील फरकाचे माप) वर असेल तर चित्र निर्दोष दिसते आणि त्याच्या खाली गेला की एकदम नाहीसे होते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसते याचा अर्थ सिग्नल भरपूर आहे असा होत नाही. तो काठावर असू शकतो, आणि दिवसातून ठरावीक वेळी एखादे लहानसे कारण त्याला काठावरून खाली ढकलते. म्हणूनच वेळ हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. अंधार पडल्यावर चॅनेल जात असतील तर दिव्यांकडे पाहावे. उन्हाळ्यात भर दुपारी जात असतील तर तापलेल्या ॲटिकमधील ॲम्प्लिफायरवर, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्रावर, संशय घ्यावा. पावसात किंवा छतावर ओला बर्फ साचल्यावर जात असतील तर छतातून येणारा सिग्नलच कमी होत आहे, आणि वारा सुटल्यावर जात असतील तर समोरची झाडे त्याला कारण असतात. कोणताही नियम न पाळता, कधी पाच मिनिटे तर कधी दोन दिवस जात असतील, तर केबलच्या टोकाचा एखादा कनेक्टर सैल आहे असे धरून चालावे.

प्रत्यक्ष कामाला केबल कंपनीची बाहेरून येणारी तार सोडवण्यापासून सुरुवात करावी. घराच्या बाहेरच्या भिंतीवर बहुधा एक राखाडी पेटी असते आणि तिच्यात ती तार ग्राउंड ब्लॉकला, म्हणजे अर्थिंग दिलेल्या लहान जोडाला, जोडलेली असते. वर्गणी बंद झाली म्हणजे त्या तारेतून काही येत नाही, असे समजू नये. केबल कंपनीचे प्रवाह ज्या वारंवारतांवर असतात त्याच वारंवारतांवर हवेतून येणारी चॅनेलही असतात, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की एकमेकांवर चढतात. शिवाय आपल्या अँटेनाचा सिग्नल उलट त्यांच्या जाळ्यात शिरतो, आणि तेही चालत नाही. इंटरनेट त्याच तारेवरून येत असेल तर मॉडेमकडे जाणारी केबल कोणती ते शोधून, ती ग्राउंड ब्लॉकमधून बाहेरच्या तारेला स्वतंत्रपणे जोडावी आणि घरातील बाकीच्या सर्व केबल अँटेनासाठी मोकळ्या करून घ्याव्यात. एकाच स्प्लिटरवर, म्हणजे एका केबलचा सिग्नल अनेक केबलमध्ये वाटणाऱ्या डबीवर, मॉडेम आणि अँटेना एकत्र नांदू शकत नाहीत. ग्राउंड ब्लॉकला जोडलेली तांब्याची अर्थिंगची तार मात्र हलवू नये.

यानंतर घरातील केबल कुठून कुठे जातात याचा नकाशा काढावा लागतो. आमच्या घरी बेसमेंटच्या एका कोपऱ्यात सात केबलची टोके एकत्र आली होती आणि एकावरही नाव नव्हते. यासाठी महागडे उपकरण लागत नाही, तार जोडलेली असली की वाजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. वरच्या खोलीतील भिंतीवरच्या सॉकेटमध्ये केबलची मधली तार आणि बाहेरचे कवच यांना कागदाच्या क्लिपने एकमेकांशी जोडावे, आणि बेसमेंटमध्ये प्रत्येक टोकावर मीटर लावून पाहावा. ज्या टोकावर मीटर वाजेल ती त्या खोलीची केबल. क्लिप काढल्यावरही मीटर वाजत राहिला तर त्या केबलमध्ये कुठेतरी आतल्या आत शॉर्ट आहे. बहुधा भिंतीवर तसबीर टांगताना ठोकलेला खिळा किंवा केबल बसवताना जोरात मारलेली स्टेपल त्याला कारण असते. टोक लगेच कागदी पट्टी चिकटवून नावासह नोंदवावे. चाचणी करताना त्या केबलवर ॲम्प्लिफायरला वीज देणारा ॲडॉप्टर जोडलेला नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

आता मुख्य प्रश्न येतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक घरांची गाडी इथेच अडलेली असते. केबल कंपनीचा सिग्नल बेसमेंटमध्ये येत असे आणि तिथून स्प्लिटरमार्गे वर खोल्यांकडे जात असे. आपला अँटेना मात्र सर्वांत वर आहे. ॲटिकमधून बेसमेंटपर्यंत नवी केबल ओढणे अवघड असते, म्हणून वरच्या मजल्यावरील एखाद्या बेडरूमच्या सॉकेटला जाणारी केबल उलटी वापरली जाते. अँटेनाची केबल त्या भिंतीत उतरवून बेडरूमच्या केबलला जोडली की सिग्नल खाली बेसमेंटमध्ये पोहोचतो. कोॲक्स केबलला दिशा नसते, त्यामुळे यात काहीच चूक नाही. पण त्या केबलचे खालचे टोक पूर्वीप्रमाणे स्प्लिटरच्या ‘आउट’ लिहिलेल्या तोंडाला जोडलेले तसेच राहते. स्प्लिटरची बाहेर जाणारी तोंडे एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. एका ‘आउट’मधून शिरलेला सिग्नल दुसऱ्या ‘आउट’मधून बाहेर पडताना २० डेसिबल किंवा त्याहून अधिक, म्हणजे शंभर पटींनी क्षीण होतो. न्यूयॉर्कची केंद्रे एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या माथ्यावरून इतक्या ताकदीने प्रसारण करतात की आमच्यासारख्या, पंचवीस-सत्तावीस मैलांवरच्या घरात त्या शंभराव्या हिश्श्यावरही काही चॅनेल दिसतात. त्यामुळे जोडणी बरोबर असल्याचा भास होतो आणि घरातील माणसे अँटेनाची दिशा बदलत बसतात. अँटेनाकडून येणारे टोक ‘इन’ लिहिलेल्या तोंडालाच जोडावे. ज्या बेडरूमची केबल अशा प्रकारे वापरली तिथेही टीव्ही हवा असेल तर वरच, भिंतीतील जोडाच्या जागी, दोन तोंडांचा लहान स्प्लिटर बसवावा.

स्प्लिटरविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य ठरेल. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडावर सुमारे ३.५ डेसिबल कमी होतात, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७ आणि आठ तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ११. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो हे लक्षात घेतले, तर आठ तोंडांच्या स्प्लिटरमधून प्रत्येक खोलीला मूळ सिग्नलचा बाराव्या हिश्श्याच्या आसपासच भाग मिळतो. टीव्ही किती तोंडांना लावले आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही. उरलेली चार तोंडे रिकामी असली तरी त्यांचा वाटा वजा होतोच. आमच्याकडे कंपनीने सोडून दिलेला असाच आठ तोंडांचा स्प्लिटर होता आणि टीव्ही होते चार. तो काढून चार तोंडांचा लावल्यावर प्रत्येक खोलीत ४ डेसिबलची भर पडली, आणि त्याला खर्च आला एका साध्या जेवणाइतका. कोणतेही तोंड रिकामे राहणार असेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी, म्हणजे रिकामे तोंड बंद करणारा टर्मिनेटर, बसवावी. स्प्लिटरच्या अंगावर छापलेली वारंवारताही वाचावी. ‘५–१०००’ असे असेल तर तो चालतो. ‘९५०–२१५०’ असे असेल तर तो उपग्रहाच्या डिशसाठी आहे, आणि त्यातून टीव्हीची चॅनेल जाऊच शकत नाहीत. ज्या घरांत पूर्वी डिश होती तिथे असे स्प्लिटर भिंतीमागे दडलेले सापडतात.

केबलमध्ये होणारे नुकसान त्या मानाने कमी असते. आरजी-६ जातीच्या शंभर फूट केबलमध्ये यूएचएफच्या मध्यावर पाच-साडेपाच डेसिबल जातात आणि व्हीएचएफवर साधारण तीन. जुन्या घरांत आरजी-५९ ही बारीक केबल असते, तीत थोडे अधिक जातात. ती बदलण्यासाठी भिंती फोडण्याची गरज मला आजवर एकाही घरात पडलेली नाही.

ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी आहे. बेसमेंटमध्ये केबल कंपनीचा जुना ॲम्प्लिफायर असेल आणि त्याचा वीज देणारा ॲडॉप्टर कुणी काढून नेला असेल, तर तो ॲम्प्लिफायर सिग्नलला अडवून धरतो. तो एकतर वीज देऊन चालू करावा किंवा सरळ काढून टाकावा. अँटेनापाशी बसवायचा प्रीॲम्प्लिफायर असेल तर त्याची वीज खालून, त्याच कोॲक्स केबलमधून वर जाते. मध्ये स्प्लिटर आला की ती वीज अडते. काही स्प्लिटरवर एकाच तोंडाला ‘पॉवर पास’ असे लिहिलेले असते आणि वीज फक्त त्याच तोंडातून पुढे जाते. एका ओळखीच्या घरी ॲडॉप्टर दिवाणखान्यातील टीव्हीमागे लावलेला होता, त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता, पण बेसमेंटमधील स्प्लिटरच्या त्या तोंडातून वीज पुढे जातच नव्हती. वीज न मिळालेला प्रीॲम्प्लिफायर हा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो येणाऱ्या सिग्नललाच बांध घालतो. ॲडॉप्टर शक्यतो स्प्लिटरच्या आधी, अँटेनाकडच्या केबलवरच लावावा. खरे सांगायचे तर, मोठ्या शहरापासून तीस मैलांच्या आतील घरांत मी आधी ॲम्प्लिफायरशिवायच सगळे लावून पाहण्याचा सल्ला देतो. जवळच्या शक्तिशाली केंद्रांमुळे ॲम्प्लिफायर ओसंडतो आणि मग दुर्बळ चॅनेलच नव्हे, तर सशक्त चॅनेलही तुटू लागतात.

हे सगळे करूनही आमच्या घरी संध्याकाळचा त्रास थांबला नव्हता. नव्या स्प्लिटरनंतर ११ राहू लागले, पण ७ आणि १३ जातच होती. १३ हे सार्वजनिक प्रसारणाचे चॅनेल. मुले सकाळी त्यावर कार्यक्रम पाहत आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा संध्याकाळच्या बातम्या पाहत. त्यांना रोज त्याच वेळी रिकामा पडदा पाहावा लागे, याचे मला फार वाईट वाटे.

तेव्हा मी टीव्ही बाजूला ठेवून, सिग्नलचे आकडे दाखवणारा एक लहान नेटवर्क ट्यूनर आणला आणि तो अँटेनाच्या केबलला, ॲटिकमध्येच, कोणत्याही स्प्लिटरच्या आधी जोडला. बिघाड कुठे आहे हे ओळखण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अँटेनापाशीच चॅनेल दिसत नसेल तर खालच्या वायरिंगला हात लावण्यात अर्थ नाही, आणि तिथे दिसत असेल तर एकेक जोड ओलांडत खाली यावे. ज्या जोडानंतर आकडा घसरतो तो जोड दोषी. आमच्याकडे सकाळी १३ची सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन्ही आकडे चांगले होते. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास गुणवत्तेचा आकडा खाली कोसळला, पण ताकदीचा आकडा जराही हलला नाही, उलट किंचित वाढला. ही खूण मी आता कधीही विसरणार नाही. सिग्नल कमी झाला असता तर ताकद घटली असती. ताकद तीच आणि गुणवत्ता कमी, याचा अर्थ त्या पट्ट्यात बाहेरून गोंगाट मिसळत होता. गोंगाटावर ॲम्प्लिफायर हा उपाय नव्हे, कारण तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करतो.

पुढच्या संध्याकाळी ट्यूनर आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवले आणि बेसमेंटच्या पॅनलमधील ब्रेकर एकेक करून बंद केले. पत्नी लॅपटॉपसमोर बसून आकडा वाचत होती. स्वयंपाकघर, दिवाणखाना, घर गरम करणाऱ्या भट्टीचा पंखा, फ्रिज, कशानेही फरक पडला नाही. चौदाव्या ब्रेकरला आकडा झटक्यात वर गेला. तो ब्रेकर पोर्च आणि गॅरेजबाहेरच्या दिव्यांचा होता. ते तीन दिवे अंधार पडला की प्रकाश-सेन्सरने आपोआप लागतात. ब्रेकर पुन्हा चालू करून बाहेर गेलो आणि कापडाने धरून एकेक बल्ब सैल केला. पहिल्या दोघांनी काही झाले नाही. गॅरेजच्या उजव्या बाजूच्या कंदिलातील एलईडी बल्ब अर्धा फेरा फिरवला तोच वरून हाक आली. तो बल्ब लागलेला असताना खिशातला ट्रान्झिस्टर एफएमवर एका दुर्बळ केंद्राला लावून त्याच्याजवळ नेला, तर हातभर अंतरावर आल्यावर ते केंद्र खरखरीत पूर्ण बुडाले. एलईडी बल्बच्या बुडाशी विजेचे रूपांतर करणारे लहानसे सर्किट असते, आणि त्यात गोंगाट गाळणारे भाग पुरेसे नसतील तर ते नेमक्या व्हीएचएफ पट्ट्यात खरखर पसरवते. यूएचएफवर तिचा प्रभाव कमी पडतो, म्हणून २, ४ आणि ५ शाबूत राहत होती. अँटेना मी समोरच्या त्रिकोणी भिंतीला लागून टांगला होता, म्हणजे त्या कंदिलापासून सरळ वर, आणि दिव्यांची तार त्याच्या खालूनच गेली होती.

बल्ब बदलला आणि त्या संध्याकाळी ७ व १३ पहिल्यांदा अखंड दिसली. तरी तेवढ्यावर थांबलो नाही, कारण आज एक बल्ब बदलला तरी उद्या शेजारचा बदलला जाईल. अँटेना त्या भिंतीपासून आठ फूट आत, ॲटिकच्या मध्याकडे हलवला. ज्यांच्याकडे गॅरेजचे दार उघडणारे यंत्र, एलईडी पट्ट्या, मंद करण्याचे डिमर किंवा छतावर सौरऊर्जेचे पॅनल आहेत त्यांनी याच पद्धतीने, एकेक ब्रेकर बंद करत, शोध घ्यावा. सौर पॅनलचा त्रास मात्र उलट्या वेळी, दिवसा ऊन असताना होतो.

गोंगाट केबलमध्ये शिरण्याची दुसरी वाट म्हणजे सैल किंवा निकृष्ट कनेक्टर. जुन्या घरांत फिरवून बसवलेले किंवा पक्कडीने दाबलेले कनेक्टर असतात. अशा कनेक्टरचे कवच केबलच्या जाळीला घट्ट टेकत नाही आणि तो जोड स्वतःच एक लहान अँटेना होऊन बसतो. प्रत्येक टोक उघडून पाहावे. मधल्या तांब्याच्या तारेला जाळीचा एकही केस चिकटलेला नसावा, तार काळी किंवा हिरवी पडलेली नसावी आणि कनेक्टर हाताने ओढून निघू नये. संशय आला तर टोक कापून कॉम्प्रेशन पद्धतीचा नवा कनेक्टर बसवावा. त्यासाठीचे हत्यार एकदा घेतले की घरातील सगळी टोके तासाभरात होतात, आणि एवढ्या पैशांत आणि एवढ्या वेळात यापेक्षा चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

अँटेना कोणता आणि कुठे, याविषयीही थोडे लिहायला हवे. दुकानात मिळणारे कागदासारखे चपटे अँटेना बहुधा यूएचएफपुरतेच चांगले असतात. ७व्या जागेवरील लहरींची लांबी सुमारे १.७ मीटर असते आणि त्यांना पकडायला जवळपास ८५ सेंटिमीटर लांबीचा दांडा लागतो, त्यामुळे व्हीएचएफची चॅनेल असलेल्या गावात असा दांडा असलेलाच अँटेना घ्यावा. एडिसनहून न्यूयॉर्क ईशान्येला आणि फिलाडेल्फियाचे मनोरे नैर्ऋत्येला, ५०-५५ मैलांवर आहेत. दोन्ही शहरांचा मोह न धरता एकच दिशा नीट साधावी. ॲटिकमध्ये वातानुकूलनाच्या चंदेरी वेष्टनाच्या नळ्या, पत्र्याच्या चिमण्या आणि विजेच्या तारा असतात. त्यांवरून परावर्तित झालेला सिग्नल मूळ सिग्नलशी भांडतो, म्हणून अँटेना कायमचा ठोकण्यापूर्वी दोरीने टांगून दोन-दोन फूट हलवत प्रत्येक जागेचे आकडे लिहून घ्यावेत. आमच्याकडे तीन फुटांच्या अंतरात एक चॅनेल गायबही होत होते आणि उत्तमही दिसत होते. छताच्या आतून उष्णता अडवण्यासाठी ॲल्युमिनियमचा पापुद्रा लावलेला असेल किंवा छत पत्र्याचे असेल, तर ॲटिकचा नाद सोडावा. तिथे कितीही केले तरी यश येत नाही. अशा वेळी अँटेना बाहेर लावण्याला वसाहतीच्या मंडळाचा विरोध असला, तरी १९९६पासूनच्या केंद्रीय नियमानुसार आपल्या स्वतःच्या मालकीच्या किंवा केवळ आपल्या वापरातील जागेवर असा अँटेना लावण्यास सहसा मनाई करता येत नाही. बाहेरच्या अँटेनाला अर्थिंग मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे.

ॲटिकमध्ये काम उन्हाळ्यात पहाटेच करावे. दुपारी तिथे भट्टी पेटल्यासारखे होते. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवावा, दोन तुळयांमधील जिप्समच्या पत्र्यावर माणसाचे वजन पेलत नाही. काचतंतूंच्या इन्सुलेशनमुळे खाज सुटते आणि छातीतही जाते, म्हणून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

वायरिंगमध्ये कोणताही बदल केल्यावर टीव्हीने चॅनेल पुन्हा शोधावी लागतात. मेन्यूत ‘केबल’ आणि ‘अँटेना’ असे दोन पर्याय असतात. पूर्वी केबल असलेल्या घरात तो ‘केबल’वरच राहिलेला असतो आणि तसा शोध घेतला की एकही चॅनेल सापडत नाही. एका काकूंच्या घरी मी ॲटिकमध्ये चढून, बेसमेंट धुंडाळून दोन तासांनी याच जागी येऊन पोहोचलो होतो. जुन्या नोंदींमुळे चॅनेल चुकीच्या जागी अडकल्यासारखे वाटत असेल तर आधी अँटेनाची तार काढून एकदा शोध घ्यावा, म्हणजे यादी रिकामी होते, आणि मग तार जोडून पुन्हा घ्यावा. ३६व्या जागेवरचे ‘चॅनेल २’ एवढेच वारंवार तुटत असेल आणि मोबाइलचा टॉवर घराजवळ असेल, तर अँटेना आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये मोबाइलच्या लहरी अडवणारा फिल्टर लावून पाहावा. टीव्हीचा पट्टा ६०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि मोबाइलचा त्याच्या लगेच पुढे, ६१७ला सुरू होतो.

आमच्या बेसमेंटमध्ये स्प्लिटरशेजारी आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणती केबल कोणत्या खोलीची, प्रत्येक चॅनेलची खरी जागा आणि कोरड्या दिवशी सकाळी घेतलेले गुणवत्तेचे आकडे लिहिले आहेत. मागच्या हिवाळ्यात छतावर ओला बर्फ साचला तेव्हा ७चा आकडा बराच उतरला, पण चित्र तुटले नाही. ऑक्टोबरमध्ये आईने फोनवर विचारले, तेव्हा पुन्हा एकदा संध्याकाळी पावणेसातला १३ लावून पाहिले, आणि आकडा सकाळइतकाच होता.